साडूंनी तुकड्यांत ठेवलेला आवाज

आमच्या साडूंइतका फोल्डरवर अविश्वास असलेला माणूस बारामतीपासून इंदापूरपर्यंत दुसरा सापडायचा नाही. बारामतीत ते दवाखान्यांसाठी प्रोग्राम लिहितात. पण बारशाचा व्हिडिओ असो नाहीतर जमिनीचा स्कॅन केलेला नकाशा, मोठी फाइल दिसली की ते ती डेटाबेसमध्येच ठेवणार. "फोल्डरातनं कुणीबी काढून टाकतं," असं त्यांचं म्हणणं. "डेटाबेसात कसं, तुकडे करायचे, प्रत्येकाला नंबर द्यायचा, आन् मागितली की कोडनं जोडून हातात." सणसरच्या एका लग्नात त्यांनी हे फोटोग्राफरला इतका वेळ समजावलं, की तिकडं अक्षता पडूनही गेल्या.

लासुर्ण्याच्या आमच्या सासऱ्यांचं, आबांचं, घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा आवाज जाणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. साडूंनी त्यांना ओसरीवर बसवून तीन तास बोलतं केलं, सगळं मोबाइलमध्ये घेतलं आणि अर्थातच डेटाबेसमध्ये टाकलं. आम्ही हसलो. पुढं तो मोबाइल कालव्यात पडला आणि आमचं हसू थांबलं. आता जे काही होतं, ते साडूंच्या डेटाबेसमध्येच.

ऑपरेशन करून घरी आल्यावर आबांनी पाटीवर लिहिलं, 'आवाज लावा.' साडूंनी लॅपटॉप उघडून कोड चालवला. आबांचा खणखणीत आवाज आला खरा, पण पहिल्या बैलजोडीची हकिगत मध्येच तुटून थेट थोरल्या लेकीच्या पाठवणीला लागली आणि पाठवणीतून आबा स्वतःसाठी मुलगी बघायला निघाले. ओसरीवरचे आबा पोट धरून, आवाजाशिवाय हसले. साडूंचा चेहरा मात्र पडला.

"काही तुकडे हरवले का?" मी विचारलं.

"न्हाय वो, समदं हाय," पडद्यावरचे नंबर तपासत ते म्हणाले. "नंबर मी आकडे म्हणून ठेवायच्या ऐवजी शब्द म्हणून ठेवले. शब्दकोशासारखे लागलेत. एकानंतर दहा, अकरा. दोन बिचारा मागं ऱ्हायला."

त्यांनी ते दुरुस्त केलं आणि पुन्हा सुरुवातीपासून लावलं. आबा डोळे मिटून स्वतःला ऐकत बसले. बैलजोडीची गोष्ट रंगात आली असताना लॅपटॉपमधला आवाज मध्येच थांबून म्हणाला, "आगं, ऐकलं का, च्या टाक जरा."

"टाकते," स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या. पातेल्याचा आवाज झाला आणि थांबला. त्या पदर सावरत दारात आल्या. आबांनी पाटी जवळ ओढली आणि पुन्हा बाजूला ठेवली. साडूंनी अवघडून बंद करायला बोट पुढं केलं.

"ऱ्हाऊ द्या, जावयबापू," सासूबाई म्हणाल्या. "बोलू द्या त्यांना." आणि चहा टाकायला आत गेल्या.