देवीचा कोंबडा आणि माझी प्रश्नावली

"मास्तर, आजून किती येला सांगू? मटान!" धर्मा तांडेल वैतागला होता.

चूक त्याची नव्हती. साठ साल उजाडायचं होतं. बोलींच्या पाहणीसाठी मी दिघीजवळच्या कोळीवाड्यात शब्द गोळा करत होतो. आमच्या कामात एक कडक नियम असे. शब्द आपण उच्चारायचा नाही. तो इन्फॉर्मन्टच्या, म्हणजे माहिती देणाऱ्याच्या तोंडून आपणहून यायला हवा. त्यामुळे सकाळपासून माझा एकच धोशा चालला होता. बकरा कापून शिजवता त्याला काय म्हणता? कोंबडीच्या त्याला? आणखी कशाकशाला तेच म्हणता?

धर्मा म्हणजे शब्दांची खाण होती. बकऱ्याचं मटण, तसं कोंबडीचंही मटणच. सणासुदीला सागुती. मासळी-मटण मिळून सगळं वशाट. माणूस सुटला की अंगावर मटण चढलं म्हणायचं, आणि भांडण पेटलं की एकमेकांचं मटण करायचं! ऑफिसातल्या आमच्या साहेबांनी या एका शब्दावर चार पानं प्रश्न काढले होते. मी दोन संपवली.

धर्माची बायको जानकीबाय दारात सुकट निवडत ऐकत होती. मध्येच उठून ती परसात गेली. मला वाटलं, कंटाळली बिचारी.

दुपारी ताट आलं. तांदळाची भाकरी आणि वाटीभर लाल रस्सा.

"खावा मास्तर," जानकीबाय म्हणाली. "सकालपासना त्याचाच जप चाललाय तुमचा. बामनाघरी कुठून गावनार? मागाया लाज वाटत आसंल."

धर्माचा चेहरा उतरला. "आगो, देवीचा कोंबडा कापलास?"

त्यांचा मुलगा पहिल्यांदाच तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या होऊन समुद्रात गेला होता. तो सुखरूप आला की देवीला तो कोंबडा द्यायचा नवस होता. होडी कालच यायला हवी होती.

"देवी थांबंल. तिला दुसरा दीन," जानकीबाय म्हणाली. "पाव्हन्याची वासना मागं ठिवून माज्या पोराची होडी घरला यायची न्हाय."

माझ्या घरी अंडंसुद्धा कधी शिजलं नव्हतं. नियम समजावून सांगायला मी तोंड उघडलं, पण तिची नजर खाडीकडे लागली होती. मी भाकरी मोडली. पहिला घास न चावताच गिळला. वाटी पुसून खाल्ली. तिनं पुन्हा वाढलं, तेही खाल्लं. त्या माउलीपुढे माझं सोवळं ते काय!

उन्हं कलता कलता होडी खाडीत शिरली. जानकीबाय पदर सावरत अनवाणीच किनाऱ्याकडे धावली. माझेही डोळे भरून आले.

"हां मास्तर, आता इचारा काय इचारायचं ता," धर्मा खुशीत म्हणाला. मी वही मिटली.

ऑफिसात साहेबांनी ती वही चाळली. "शेवटची दोन पानं कोरी? काम अर्धवट टाकून आलात?"

"सर, पुढं विचारलं असतं तर शेजारचा बकरा गेला असता."

तेव्हापासून खाण्याचे शब्द मी जेवून हात धुतल्यावरच विचारत आलो.