एकनाथचा डायरेक्ट

पाम गावच्या एकनाथला फ्रिज दाखवायला बोलावलं की तो पिशवी खाली ठेवायच्या आधी एक प्रश्न विचारतो. "घरात कुणाला इंजेक्शन चालू हाय का?" नवीन गिऱ्हाईक गोंधळतं. फ्रिजसाठी बोलावलेला माणूस डॉक्टरसारखं काय विचारतोय म्हणून कुणी हसतं, कुणी चिडतं. बोईसरच्या कॉलनीतल्या एका बाईने तर सरळ सुनावलं होतं, "आप अपना काम करो." एकनाथने मान डोलावली आणि तोच प्रश्न हिंदीत पुन्हा विचारला. उत्तर मिळाल्याशिवाय तो प्लगला हात लावत नाही. माणूस तसा मवाळ, पण या एका बाबतीत भलताच हट्टी.

वय आता साठीला टेकलंय. तरुणपणी तो एका बर्फाच्या कारखान्यात मशिनवर होता. कारखाना बंद पडला तेव्हा खांद्याला पिशवी अडकवून गावोगाव फ्रिज दुरुस्त करत हिंडू लागला. इकडे सफाळ्यापासून तिकडे तारापूरपर्यंत त्याला ओळखत नाही असा गाव नसेल. त्यातही किनाऱ्यावरच्या वस्त्यांत त्याला मान जास्त, कारण काम जास्त. खाऱ्या वाऱ्याने फ्रिजची पाठ दोन-तीन वर्षांत गंजते. दाराचं रबर कडक होऊन फटी पडतात. फ्रीझरमध्ये बर्फाची भिंत चढली की बायका ती कोयत्याने फोडतात, आणि कोयता आतल्या नळीत घुसून गॅस जातो तो जातोच. एकनाथ आल्या आल्या रागावणार. "फ्रिज बंद करा, दार उघडं टाका, खाली फडकं घाला. बर्फ आपला आपण सुटतो. कोयता लावायचा नाय!" बायका हो हो म्हणतात आणि पुढच्या वेळी कोयताच लावतात.

मच्छीमाराच्या घरात फ्रिज घेतात तो मुळात फ्रीझरसाठी. खालच्या कप्प्यातल्या दुधाभाजीचं कुणाला फारसं सोयरसुतक नसतं. जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या वाळूवर ओढलेल्या. त्याआधी मे महिन्यात पापलेट, सुरमई, कोळंबी भरून ठेवायची, ती पावसाळ्याची बेगमी. ती दगडासारखी गोठली पाहिजे. आयुष्यभर बर्फावर ज्यांचं पोट चाललं त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते, की जेवढं गार तेवढं ताजं. त्यांचं काय चुकलं? त्यांच्या धंद्यात ते खरंच आहे.

दोन वर्षांमागच्या मे महिन्यात दांडी गावच्या नलूबायचा फ्रिज असाच ऐन मासळी भरायच्या दिवसांत बिघडला. नलूबायचा नवरा चिंतू होडीवर तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, मुलगा दर्पण त्याच होडीवर, आणि फ्रीझर मासळीने गच्च. एकनाथने पाहिलं तर थर्मोस्टॅट गेला होता. आत पुरेसा गारवा झाला की मोटर थांबवायची आणि कमी झाला की पुन्हा चालू करायची, एवढंच त्याचं काम. त्या मॉडेलचा थर्मोस्टॅट बोईसरला मिळेना आणि इकडे मासळीला पाणी सुटू लागलेलं. शेवटी एकनाथने थर्मोस्टॅटच्या दोन वायरी सोलल्या, एकमेकींना पिळल्या आणि वरून पिवळी टेप गुंडाळली. कारागीर याला डायरेक्ट करणं म्हणतात. मग मोटर थांबायचं नावच घेत नाही, रात्रंदिवस चालत राहते.

"आठ दिवसांत नवीन आणून लावतो," एकनाथ म्हणाला होता.

आठ दिवसांनी गेला तर नलूबाय हरखलेली. "दादा, असा कडक बर्फ मी जन्मात पायला नाय. बाटलीतलं पाणी पण गोठतंय. हात नका लावू आता."

आणि एकनाथने हात लावला नाही. इथे त्याचं चुकलं, आणि हे तो स्वतःच सांगतो, कुणी विचारायची वाट न बघता. कौतुकाने सुखावला बिचारा. महिन्याभरात आळीतल्या बायका मागे लागल्या, "आमालाही नलूबायसारखं करून द्या." एकनाथने चांगले चालते थर्मोस्टॅट काढून डायरेक्ट करून दिले. दांडीत, शेजारच्या गावात, ज्याने मागितलं त्याला. किनाऱ्यावर त्याचं नाव झालं.

यंदा शिमग्याच्या आधी चिंतू तांडेल गेला. एकनाथ मयताला गेला होता, खांदाही दिला होता. दीडेक महिन्याने नलूबायची सून हेमाली हिचा फोन आला. "काका, आमच्या फ्रिजचा आवाज बंदच होत नाय. आधी कधी कळलं नाय. आता घरात कोण बोलत नाय ना, तर सारखा ऐकू येतो. सासूबाय झोपत नाय त्याने."

दुपारी एकनाथ पोचला. नलूबाय ओट्यापाशी बसून बोंबील निवडत होती. पूर्वी मासळीची पाटी डोक्यावर घेऊन हाका मारत आळी जागी करणारी बाई, आता मान वर करायला पण तिला वेळ लागला. "या दादा," एवढंच म्हणाली. हेमालीने पाणी दिलं आणि ती मागे कपडे धुवायला गेली.

एकनाथने थर्मोस्टॅटची डबी उघडली. आत त्याचीच पिवळी टेप होती, कडेने काळी पडलेली. त्याला त्या मे महिन्याची आठवण झाली आणि थोडं हसूही आलं. यंदा त्याच्या पिशवीत त्या मॉडेलचा थर्मोस्टॅट होता. काम सोपं होतं. त्याने प्लग काढला आणि बर्फ सुटावा म्हणून आतलं सामान बाहेर काढायला घेतलं.

फ्रीझरच्या अगदी खाली, त्याला चिकटूनच, एक ट्रे असतो. त्यात औषधाची तीन खोकी होती. एकातली छोटी बाटली त्याने बाहेर काढली, उजेडात धरली आणि आडवी केली. आतलं औषध हललं नाही. पांढरं, घट्ट, बाटलीच्या आकाराचं गोठलेलं.

एकनाथ काही वर्षं सरकारी दवाखान्यांतले लशींचे फ्रिज सांभाळत होता. तिथल्या नर्सने त्याला पहिल्याच दिवशी दम भरला होता, की बऱ्याच लशी काय नि इन्शुलिन काय, एकदा गोठलं की संपलं, नंतर वितळवून टोचलं तरी पाणी टोचल्यासारखं. ते त्याला चांगलं लक्षात होतं. खोक्यावरही बारीक इंग्रजी अक्षरांत तसंच छापलं होतं.

"ही कोणाची?" त्याने विचारलं, खरं तर विचारायची गरज नव्हती.

"त्याची," नलूबाय म्हणाली. "गेल्या गणपतीपासून चालू केलेली. रोज दोन येळा. मीच टोचायची." ती उठून जवळ आली आणि बाटली त्याच्या हातातून घेऊन पदराने पुसली. "काय कमी नाय केलं मी दादा. सगळ्यात गार जागी ठेवायची, पापलेटाच्या खाली. सकाळी उठून मुठीत धरून बसायची, अर्धा तास, सुटेपर्यंत. मग टोचायची. डॉक्टर दर खेपेला विचारायचा, फ्रिजात ठेवता ना? हो बोलायची. बरं बोलायचा."

एकनाथने उरलेली दोन खोकीही उघडून पाहिली, तीही तशीच. 

"तरी साखर उतरंना," नलूबाय सांगत राहिली. आता तिच्या आवाजाला धार आली. "खडकावर कालवाचं कवच लागलं पायाला, एवढंसं. ते चिघळलं. डॉक्टर बोलला, हा बाहेर काय तरी गोड खातो, नायतर एवढी साखर राहणारच नाय. मी गूळ कुलपात ठेवला. त्याचे खिसे बघायची. समोरची नवसी बोलली, तिने त्याला हलवायाच्या दुकानाशी उभा पायला. आळीत सगळे बोलायला लागले, तांडेल चोरून खातो. तो शपथ घ्यायचा, दर्याची शपथ घ्यायचा. मी नाय खाल्लं नलू. आंगठा कापला तेव्हा बोलला, पाऊल कापलं तेव्हा बोलला. शेवटच्या दिवशी पण तेच. मी काय बोलले माहीत हाय? मी बोलले, खोटारड्या, मरताना तरी खरं बोल."

ती थांबली आणि पुन्हा बाटली पुसू लागली. "चाळीस वर्षं संसार केला. आणि जाताना मला फसवून गेला. मला रडू पण येत नाय त्याच्यासाठी. राग येतो."

एकनाथ फ्रिजच्या मागे गेला. कामाच्या निमित्ताने तिथे तोंड लपवता आलं. त्याने टेप सोडवली, पिळलेल्या वायरी सरळ केल्या, नवा थर्मोस्टॅट बसवला. हात सवयीने चालत होते आणि डोक्यात दुसरंच चाललं होतं. गप्प राहिलं तर कुणाला कळणार होतं? चिंतू तर गेला. बोलायचंच तर निम्मं बोलता येत होतं. बाय, तुमी औषध चुकीच्या जागी ठेवलं, फ्रीझरखाली नको होतं. हे खोटंही नव्हतं. पण बाटलीतलं पाणीसुद्धा गोठत होतं त्या फ्रिजात. दारात ठेवलं असतं तरी वाचलं नसतं. आणि किनाऱ्यावर त्याचं नाव होतं, वय झालं होतं, दुसरा धंदा येत नव्हता. हे सगळं त्याच्या मनात आलं. तो संत नव्हता.

त्याने प्लग लावला. मोटर चालू झाली. दार लावून तो उभा राहिला. नलूबाय पुन्हा बोंबलाशी जाऊन बसली होती. बऱ्याच वेळाने फ्रिज खटकन थांबला. दोन वर्षांत पहिल्यांदा तो आपला आपण थांबला होता, आणि घरात काहीच वाजत नव्हतं.

"बंद पडला?" नलूबायने मान वर केली.

"नाय. आता तो थांबतो. आधीपासून थांबायला पायजे होता." एकनाथ तिच्यासमोर जमिनीवर बसला. "नलूबाय, चिंतूने काय खाल्लं नाय."

तिला कळलं नाही. मग त्याने सगळं सांगितलं. डायरेक्ट म्हणजे काय, मोटर का थांबत नव्हती, औषध गोठलं की त्यात काही उरत नाही, आणि हे तिच्या घरात दोन वर्षं कुणी करून ठेवलं. आठ दिवसांत येतो म्हणालो होतो आणि आलो तरी बदललं नाही, हेही सांगितलं. शेवटी त्याने दोन्ही हात जोडले. क्षमा मागायला त्याची जीभ रेटेना. कोणत्या तोंडाने मागणार?

 नलूबायच्या हातातला बोंबील तसाच होता.

"म्हंजे तो खात नव्हता," ती म्हणाली.

"नाय."

"एकदा पण नाय?"

"ते मला कसं माहीत असणार बाय. पण साखर चढायला त्याला गोड खायची गरजच नव्हती. तुमी टोचत होता त्याच्यात औषधच नव्हतं."

ती उठली. एकनाथला वाटलं, आता ही हातातलं काहीतरी फेकून मारणार, आणि मारलं तरी तो हलणार नव्हता. पण ती दाराबाहेर गेली. समोरच्या नवसीला हाक मारली, मागून हेमालीला बोलावलं, आळीत जाळं शिवत बसलेल्या दोघातिघांना बोलावलं. दर्पण होडीवर होता. लोक ओटीवर जमले. काय झालं कुणालाच कळेना.

"मला सांगितलं ते यांना सांगा," नलूबाय म्हणाली.

एकनाथने खाली बघून सांगितलं. आपला डायरेक्ट, गोठलेलं औषध, सगळं. कुणीतरी शिवी हासडली. नवसीने तोंडावर पदर घेतला.

"मोठ्यानं," नलूबाय म्हणाली. "पलीकडच्या आळीत पण बोलत होते. त्यांना ऐकू जाऊ दे."

एकनाथने मान वर केली आणि मोठ्याने सांगितलं, की चिंतू तांडेल चोरून काही खात नव्हता, तो खरं बोलत होता, चूक माझी होती. 

 नलूबायने भिंतीला हात टेकला.

"आता माझं पण सांगा," ती म्हणाली. "मी त्याला मरताना काय बोलले ते."

एकनाथने तोंड उघडलं, पण ते त्याच्याने बोलवेना.  मग ते नलूबायने स्वतःच सांगितलं, त्याच्याहून मोठ्या आवाजात, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं.