तव्याचे चांद अन् बावीसची रायफल

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तव्याचे चांद छापणं. जेवणं झाली, तवा निवला, की बायको तो दोन्ही हातांनी धरायची, कागदावर टेकवायची अन् हलकेच फिरवायची. बुडाची काजळी कागदावर उतरायची. काळा गोल, मधात गच्च, काठाले जरा फिका. कागद हलू नये म्हणून मी त्याची टोकं दाबून बसायचो. त्या संध्याकाळीही बसलो. किराण्याच्या पुड्यांचे कागद तिनं दुपारीच खळीनं जोडून वाळवले होते. चार चांद छापले.

हे चांद निशाणासाठी. दसऱ्याले अमरावतीच्या मैदानात चांदमारी व्हायची. ज्याच्यापाशी लायसन त्यानं यावं, मारावं. मधोमध लागली त्याले फेटा बांधत. मी बागाईतवाला माणूस, मूर्तिजापूरकडचा. शाळा चौथीत सुटली. मिरची-वांग्यात रानडुकरं शिरतात म्हणून मले दुनळी बंदुकीचं लायसन मिळालं होतं. पण दुनळीत छर्रे भरतात, चांदमारीले रायफल लागते. कितीतरी दसरे मी दुसऱ्याची रायफल मागून मारलं. फेटा कधी मिळाला नाही. म्हातारा झालो तेव्हा म्हटलं, आता आपली घेऊ, हात थरथरायच्या आत एकदा तरी मधात मारू. लायसनावर रायफल चढवून घेतली.

अकोल्याले एका बोहऱ्याचं बंदुकांचं दुकान होतं. त्याच्यापाशी दोन रायफली होत्या. दोन्ही खिट्टीच्या. गोळी सुटली की खिट्टी वर करून मागं ओढायची, रिकामी पुंगळी बाहेर पडते, पुढं लोटली की दुसरी गोळी नळीत. फौजेच्या बोरची, म्हणजे नळीच्या त्या मापाची, रायफल आपल्याले मिळत नाही. मग उरली एक बावीस बोरची अन् एक पावणेतीनशेची. बावीसचं काडतूस भुईमुगाच्या दाण्याहून जरा मोठं. पावणेतीनशेचं माझ्या बोटाएवढं. मी ते बोटाएवढं हातात घेतलं अन् माझं मन तिथंच बसलं.

बोहरी म्हणाला, "भाऊ, चांदमारीले बावीस बस हाये. धक्का नाई. डब्बाभर गोया न्या अन् रोज हात बसवा. ही मोठी पहाडातली चीज हाये, मैदानात काय करता तिचं?"

माझा धाकटा भाऊ संगं होता. तो म्हणाला, "बावीस घेऊन चिमण्या मारता काय, दादा?"

मले ते लागलं.

बोहरी जुन्या ओळखीचा. म्हणाला, दोन्ही मारून पाहा. गावाबाहेर त्याच्या भावाची वीटभट्टी होती, तिथल्या मातीच्या ढिगापुढं चांदाचा कागद लावला. बायको त्या दिवशी बाजार कराले आली होती, तीही भट्टीवर आली. आम्ही सारे कागदाकडे पाहत होतो. ती एकटी माझ्याकडे पाहत होती. मी मोठीचा घोडा दाबला. गोळी कागदाले शिवलीच नाही.

"मिटला," ती म्हणाली.

"काय मिटला?"

"डोया. घोडा दाबाच्या आंदीच मिटला तुमी."

"नाई मिटला."

"मंग गोयी काहून गेली मातीत?"

पुन्हा मारली. पुन्हा म्हणाली, मिटला. मग बावीस घेतली. ती गप्प राहिली. छेद चांदात, मधापासून बोटभर.

"आता उघडा होता," ती म्हणाली.

बोहरी हसला, भाऊ हसला. मले राग आला. माणसाले स्वतःचा डोळा मिटलेला दिसत नाही. दणक्यात सगळं निघून जाते, अन् आपल्याले वाटते आपण पाहतच होतो.

एक ठेकेदारही त्या रायफली पाहून गेला होता. बोहरी म्हणाला, बुधवारपर्यंत दोन्ही ठेवतो, मग माझा इलाज नाही. म्हणून मंगळवारी संध्याकाळी आम्ही चांद छापत बसलो. बुधवारी जाऊन पुन्हा मारायचं अन् कोणती ते ठरवायचं.

"मी मोठीच घेतो," मी म्हटलं.

"घ्या ना. कागदाच्या जागी मी गोधडी टांगीन. कोठी तरी लागन."

"तू नको येऊ मंग."

"मी नाई आली त मिटला म्हून कोन सांगन तुमाले? तो बोहरी?"

तिनं हात धुतले. चांद खाटेवर पसरून ठेवले, काजळी बसावी म्हणून. आम्ही खाली चटईवर झोपलो.

पहाटे ती उठली नाही. हात लावून पाहिला तर गार होती. भावाले उठवलं. लोक आले. दुपारपर्यंत सगळं आटोपलं. मी काय काय केलं ते मले नीट आठवत नाही, जे करा म्हटलं ते केलं. परत आलो तेव्हा बायांनी घर सारवलं होतं, भांडी घासली होती. तवाही राखेनं घासला होता. बूड पांढरं निघालं होतं. मी पाहिलं अन् बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते चारही कागद गुंडाळले. भाऊ आडवा आला.

"दादा, कोठी चालले?"

"अकोल्याले."

"उद्या राख सावडाची हाये. सुतकात कोनी घर सोडते काय? लोक म्हनतीन, बायको गेली अन् हा बंदूक घ्याले गेला."

"म्हनू दे."

गाडीनं गेलो. बोहरी दुकानात चहा पीत होता.

"काल यायचं ठरलं होतं, भाऊ. ठेकेदार दोनदा येऊन गेला. भाभी नाई आल्या?"

"काल गेली ती."

"कोठी?"

मी बोट वर केलं. त्यानं कप खाली ठेवला.

"घरी जा, भाऊ. दोन्ही ठेवतो तुमच्यासाठी. ठेकेदार गेला उडत."

"भट्टीवर चाला," मी म्हटलं.

तो आला. मी कागद लावला. त्याले सांगितलं, "तुमी तिकडं पाहू नका. माह्या डोयाकडं पाहा. मिटला का उघडा, तेवढं सांगा."

"बरं."

मी मोठी खांद्याले लावली. घोडा दाबला. ढिगाची माती उडाली. वळून पाहिलं तर बोहरी कपाळावर हात धरून ढिगाकडं पाहत होता.

"जरा उजवीकडं गेली," तो म्हणाला.

"डोया?"

"अरे, हो. पुन्हा मारा."

पुन्हा मारली. पुन्हा तो तिकडंच पाहत होता. तिसऱ्यांदाही तेच.

"माफ करा, भाऊ," तो म्हणाला. "आवाज झाला की नजर गोयीमागं जाते. मले नाई जमत."

मी खिट्टी ओढून नळी रिकामी केली अन् मोठी त्याच्या हातात दिली.

"बावीस बांधा."

"मारून त पाहा आंदी."

"नाई. तिनं पाहिली हाये."

त्यानं बावीस बांधली, संगं गोळ्यांचा डबा दिला. मी ढिगापुढचा कागद काढला. त्याले एकही छेद नव्हता. चारही चांद गुंडाळून काखेत धरले, रायफल पोत्यात घातली अन् टेसनावर येऊन गाडीची वाट पाहत बसलो.