मामीची दहावी नस

माझ्या मामीइतकी परीक्षेला भिणारी आणि रोगाला न भिणारी बाई सबंध वऱ्हाडात दुसरी झाली नसेल. कुणाला विंचू चावो, कुणाच्या पायात विळा जावो, मामी पदर खोचून सगळ्यांच्या पुढे. रक्त पाहून गडीमाणसं भिंतीला टेकत, तेव्हा ती जखम धूत असे आणि जखमवाल्याला त्याच्या पोरांची नावं विचारत असे, म्हणजे त्याचं लक्ष दुसरीकडे जावं. पण याच बाईच्या समोर प्रश्नपत्रिका आली की तिच्या तळहातांना एवढा घाम सुटायचा की उत्तरपत्रिकेवरची शाई पसरायची. त्यासाठी ती परीक्षेला एक जुना टॉवेल घेऊन बसायची. पर्यवेक्षकांनी तो एकदा झटकून पाहिला, चिठ्ठी काही निघाली नाही.

आम्ही दोघी एकाच वर्गात होतो, हे आधी सांगायला हवं. अमरावतीच्या नर्सिंग स्कूलमध्ये मी बारावी करून थेट आले, आणि मामी लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर आली. त्या वर्षांत वर्तमानपत्र उघडलं की पहिल्या पानावर शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत आमचेच जिल्हे असायचे, आणि माझी आई ते पान आत दुमडून ठेवायची. अकोटच्या ज्या कापसाच्या जिनिंगमध्ये मामा कामाला होता, ते आधी आठवड्यातून तीन दिवसांवर आलं आणि मग त्याच्या फाटकाला कुलूप लागलं. मामा फाटकापर्यंत जाऊन परत आला, खांदे उडवले आणि म्हणाला, "आता काय करता." त्याच आठवड्यात मामीने नर्सिंगचा फॉर्म आणला. वयाच्या अटीत ती जेमतेम महिन्याभराच्या फरकाने बसली. मामा अकोटला राहून घर आणि स्वयंपाक बघू लागला (त्याची वांग्याची भाजी आजही मामीपेक्षा बरी होते, हे मी तिच्यासमोर म्हणत नाही), आणि मामी अमरावतीला आमच्याकडे, म्हणजे नणंदेकडे, राहायला आली. मी तिला मामी म्हणायचे म्हणून वर्गातल्या सगळ्या मुली मामी म्हणू लागल्या. दुसऱ्या वर्षी तर हजेरी घेताना ट्यूटरबाईंच्या तोंडूनही "मामी" गेलं, आणि मामीने "प्रेझेंट" म्हटलं.

शिकलेलं लगेच वापरलं नाही तर ते नासतं, असं तिचं मत होतं. नाडी मोजायला शिकवल्यापासून तिच्या हातात कुणाचंही मनगट सुरक्षित राहिलं नाही. अकोटच्या एसटीत कंडक्टरने तिकीट पुढे केलं की ती तिकिटाबरोबर मनगटही धरायची. एकदा तिने पूर्ण मिनिटभर एका कंडक्टरला उभं ठेवलं, मागचे लोक ओरडायला लागले, आणि मग ती म्हणाली, "शहाण्णव हाय. सकाई सकाई कोनासंग भांडून आले जी?" कंडक्टर ओशाळला. खरोखरच भांडून आला होता. पलंग करायला शिकवलं, तेव्हा मूर्तिजापूरला आमच्या नात्यातलं लग्न होतं. मामी वधूपक्षाकडून जानोशावर, म्हणजे वरपक्षाच्या उतरण्याच्या जागी, गेली आणि वरातीसाठी घातलेल्या चाळीसच्या चाळीस गाद्यांना तिने दवाखान्यातल्यासारख्या चादरी घातल्या, कोपरे मुडपून, ताणून, आत खोचून. ते कोपरे इतके घट्ट होते की नवरदेवाच्या काकांना पाय आत घालता येईनात. वरपक्षाला वाटलं, हा काहीतरी मानपानाचा प्रकार आहे, आणि बिचारे सगळे चादरीवरच कुडकुडत झोपले.

इंजेक्शनचा सराव आम्ही संत्र्यांवर करायचो. दुसरीकडच्या नर्सिंगच्या मुलींना त्यासाठी संत्री विकत आणावी लागत असतील. आमच्याकडे त्या सालांत भाव असा पडला होता की ओळखीचे बागवाले पोतं दारात टाकून जायचे. बाकीच्या मुली संत्र्याला सुई खुपसून मोकळ्या होत. मामी आधी कापसाने संत्रं पुसायची, त्याला थोपटायची आणि म्हणायची, "लांब श्वास घ्या. झालंच आता." मग ते पाणी भरलेलं संत्रं टाकवत नाही म्हणून खायची. मीही खाल्ली आहेत. चव जाते, पण पोट भरतं.

अशी ही बाई दोनदा नापास झाली होती, ती एकाच पेपरात. पहिल्या वर्षाचा शरीररचनेचा पेपर. बाकी सगळं निघालं, तिसरं वर्षही संपत आलं, पण तो पेपर निघाल्याशिवाय कौन्सिलकडे नोंदणी नाही, आणि नोंदणीशिवाय नर्स म्हणून कुठेही उभं राहता येत नाही. आता शेवटची संधी होती. तो पेपर गेला तर तीन वर्षं गेली, आणि अकोटला मामा खांदे उडवायला तयारच. तिची गाडी अडायची ती मेंदूतून निघणाऱ्या बारा नसांवर. त्यांची इंग्रजी नावं क्रमाने लिहायची, प्रत्येकीचं काम लिहायचं. "जित्या मान्साची नस माह्या बोटाले सापडते," ती मला म्हणायची, "कागदावरची सापडतच नाई. मी काय करू?"

तेव्हा युक्ती मी काढली. त्या वयात मला स्वतःच्या हुशारीबद्दल फार आदर होता. मी म्हटलं, मामी, बारा नसा म्हणजे तुझ्या सासरची बारा माणसं. पहिली वासाची, म्हणजे तुझ्या सासूबाई. तीन घरं पलीकडे काय शिजतंय ते त्या ओसरीवरून सांगतात. दुसरी नजरेची, ती माझी आई. फळीवरची धूळ तिला खालून दिसते. पाचवी चावण्याची आणि तिला तीन फांद्या, म्हणजे तुझे चुलतसासरे. तोंडात सदा सुपारी आणि मुलगे तीन. सातवी चेहऱ्याची, ती तुझी धाकटी जाऊ, तिच्या तोंडाकडे पाहिलं की भाजीत मीठ किती ते कळतं. आठवी ऐकण्याची, ती दाराआड उभी राहणारी चुलतसासू. अकरावी खांदे उडवण्याची. "हे तं तुहे मामा!" मामी टाळी देऊन ओरडली. आणि बारावी जिभेची, तेव्हा तिने माझ्याकडे पाहून नुसतं बोट केलं. मला ते फारसं आवडलं नाही.

मधल्या नसांनाही एकेक माणूस मिळालं. राहिली दहावी. हिला व्हेगस म्हणतात, म्हणजे भटकी. डोक्यातून निघते ती मानेत, छातीत करत पार पोटापर्यंत जाते. आमच्या घरात भटकं माणूस एकच, तात्याजी. माझे थोरले मामा, म्हणजे मामीचे भासरे. घरून चुना आणायला निघाले तर रिद्धपूरला पोचायचे. शकुंतला या छोट्या रेल्वेगाडीत तर ते काही काम नसताना बसायचे, तिच्या खिडकीतून शेतं बघायला. मला ही जोडी अगदी चपखल वाटली. आणि नेमकं तिथेच मी शेण खाल्लं.

कारण भासऱ्यांचं नाव घ्यायचं नसतं. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्या दिरासमोर यायचं ते डोक्यावर पदर घेऊन, बोलायचं ते मधल्या माणसाकरवी, आणि नाव तर नाहीच. मामीने हे सोळा-सतरा वर्षं पाळलं होतं. एकदा तिच्या मनात ही नस तात्याजी झाली, की त्या नसेचंही नाव तिला घेता येईना. मी प्रश्न विचारायचे, मामी घडाघडा नवापर्यंत यायची, मग थांबायची, डोक्यावर पदर ओढायची आणि म्हणायची, "दहावे... ते. ते डोक्यातून निघतात. मानेतून खाली येतात. छातीत थोडे थांबतात, अन् मंग पोटाकडे जातात." सगळं बहुवचनात, सगळं बरोबर. मी हसून लोटपोट व्हायचे. ही पेपरात काय लिहील, असा विचार माझ्या डोक्यात आला नाही.

पेपर झाला. मामी टॉवेल पिळत, खुशीत बाहेर आली. "नसा आल्या व! पुऱ्या बारा लिहिल्या!" घरी आईने त्या दिवशी पुरण घातलं. आठ दिवसांनी मामी भाकरी थापत होती, आणि थापता थापता तिचा हात परातीतच राहिला. "अवं माय," ती म्हणाली. "मी दहाव्या नंबरवर 'भासरे' लिहून आली."

तव्यावरची भाकरी जळली, पण ती उलटायला कुणी उठलं नाही. मी विचारलं, खाली माहिती तरी लिहिलीस का? लिहिली होती. सबंध, आदरार्थी.

पुढचा दीड महिना आमच्या घरात फक्त पेपर तपासणाऱ्या त्या न पाहिलेल्या माणसाची चर्चा होती. "थो मास्तर वऱ्हाडातला असन तं समजून घेईन," मामी म्हणायची. "पुन्याचा असन तं गेली मी." कधी तिला वाटायचं, तपासणारी बाई असेल, तिलाही भासरे असतील. एकदा ती पहाटे मला हलवून म्हणाली, "काहून व, नाव नसन पन काम बरोबर असन तं अर्धा मार्क देत असतीन ना?" मी म्हटलं, देत असतील. खरं सांगायचं तर मला रडू येत होतं. युक्ती माझी होती, आणि दंड तिला होणार होता. मामा एकदा भेटायला आला, सगळं ऐकलं, आणि पहिल्यांदाच त्याने खांदे उडवले नाहीत.

तात्याजींना ही गोष्ट सांगितली ती मीच. बारावी नस, दुसरं काय होणार. वाटलं, रागावतील. ते चुना मळता मळता म्हणाले, "मंग मी चूक का बरोबर?"

"ते रिझल्टमध्येच कळेल," मी म्हटलं.

त्या दिवसापासून तात्याजींच्या भटकण्याला दिशा आली. अकोटची पहिली एसटी पकडून ते अमरावतीला यायचे, आमच्या स्कूलच्या फलकासमोर उभे राहायचे, फलक रिकामा बघायचे आणि दुपारच्या गाडीने परत जायचे. शिपायाशी त्यांची इतकी ओळख झाली की तो त्यांना स्टूल देऊ लागला.

आणि एक दिवस भर दुपारी ते आमच्या दारात उभे राहिले, घामाने निथळत. मामी ओट्यावर तांदूळ निवडत होती. चटकन उठली, पदर घेतला, तोंड भिंतीकडे केलं. तात्याजींनी तोंड तुळशीकडे केलं. दोघांमध्ये फार तर दोन हातांचं अंतर असेल.

"पोरी," तात्याजी मला म्हणाले, "तुया मामीले सांग. पास झाल्या म्हना."

"त्याईले इचार," मामीचा आवाज पदरातून आला, "पक्कं पाह्यलं का म्हना."

"सांग, दोनदा पाह्यलं. नंबर कागदावर उतरवून आनला."

"इचार, कोनता पेपर."

"तोच म्हना. ज्याच्यात मी हावो तोच."

मी दोघांच्या मधे उभी राहून मान इकडून तिकडे फिरवत होते. सांगायला काहीच उरलं नव्हतं, तरी माझ्यावाचून त्यांचं अडलं होतं. मामी मटकन खाली बसली, सुपातले तांदूळ अंगणभर झाले, आणि ती पदरात तोंड घालून हमसून हमसून रडली. तात्याजी तुळशीशीच बोलल्यासारखे म्हणाले, "म्हंजे मी बरोबर होतो." मार्क अगदी काठावरचे होते. दहाव्या नसेला अर्धा मिळाला की भोपळा, हे आम्हाला आजवर कळलेलं नाही.

नोंदणी झाली, नोकरी लागली. तालुक्याच्या दवाखान्यात मामी सिस्टर झाली आणि तिथल्या चादरींचे कोपरे जिल्ह्यात गाजले. काही वर्षांनी मी सुट्टीत तिच्याकडे गेले असताना तात्याजींना कुठल्याशा गाडीतून उतरवून तिथेच आणलं, ताप आणि दम लागलेला. मामीने केसपेपर ओढला, नाडी लिहिली, ताप लिहिला, रक्तदाब लिहिला, आणि नावाची जागा कोरी ठेवून पेन माझ्या हातात दिलं. "इचार त्याईले, छातीत दुखते का." मी विचारलं. "सांग, नाई म्हना." मग डॉक्टरांनी इंजेक्शन लिहून दिलं. आता मधे उभं राहायला जागा नव्हती. मामीने कापसाने दंड पुसला, थोपटला. युनिफॉर्मला पदर नव्हता, तरी तिचा मोकळा हात सवयीने डोक्याकडे जाऊन आला. आणि ती सरळ त्यांना म्हणाली, "लांब श्वास घ्या. झालंच आता."

तात्याजींनी डोळे मिटले आणि शहाण्या मुलासारखा लांब श्वास घेतला. चार दिवसांत ते बरे होऊन पुन्हा कुठेतरी निघून गेले.

आता पहिली, पाचवी, आठवी गेल्या. तात्याजींनाही दोन वर्षं झाली. मला त्यांची आठवण फार येते. एसटी स्टँडवर उगीच उभा असलेला म्हातारा दिसला की मी वळून बघते. मामी निवृत्तीला आली आहे, आणि शिकायला येणाऱ्या मुलींना ड्यूटीवर बारा नसा म्हणून दाखवते, एका दमात. नवावर येऊन थांबते. हात डोक्याकडे जातो. मुलींना वाटतं, सिस्टर विसरल्या, आणि एखादी पटकन मदत करते, "व्हेगस."

"हाव, तेच," मामी म्हणते, आणि अकराव्याकडे वळते.