जिंकलेली बोट मागायचा नियम

रिमोटवर चालणाऱ्या बोटींच्या शर्यती आमच्या जळगाव जिल्ह्यात होत असत, असं आज कुणाला सांगितलं तर तो आधी माझ्याकडे बघतो आणि मग आकाशाकडे. मे महिन्यात पहूरला आमचा नळ चार-पाच दिवसांनी येई, आणि आम्ही बोटी पळवत होतो. हौसेला मोल नसतं म्हणतात. असं म्हणणारा माणूस सावद्याचा केळीवाला असणार.

आम्ही सहा-सात जण होतो. जामनेरचा टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा, मी शाळामास्तर, बाकीचेही असेच महिनाअखेरीला खिसे चाचपणारे. मोडक्या खेळण्यातला रिमोट, टेपची मोटर, थोडा थर्माकोल, की झाली बोट. आणि मग सावद्याचे नाना, केळीच्या बागांचे मालक. त्यांच्याकडे भाच्याने दुबईहून आणलेली फायबरची लाल बोट होती. शर्यत नानांच्याच मळ्यातल्या मोठ्या हौदात होई, कारण उन्हाळ्यात दुसरीकडे बोट बुडवायलासुद्धा पाणी नसे. दर वर्षी नाना जिंकत आणि वर सगळ्यांना आमरस वाढत. आमरस उत्तम असे, त्यामुळे आणखीच चीड येई.

शेवटी मी नियम करायला बसलो. मास्तरला दुसरं येतं काय? पहिला नियम, चारच पेन्सिल सेल. दुसरा, मोटर टेपरेकॉर्डरचीच. नानांनी मुकाट्याने परदेशी मोटर काढली, टेपच्या डझनभर मोटरी आणल्या, त्यांतली सगळ्यात तेज निवडून बसवली आणि जिंकले. मोटरी जामनेरच्या आमच्याच गड्याने विकल्या होत्या. तो त्या दिवशी माझ्या नजरेला नजर देईना.

मग मी तिसरा नियम आणला. त्याचा मला फार अभिमान होता. जिंकलेली बोट, रिमोटसकट, हरलेल्यांपैकी कुणीही तीनशे रुपये देऊन मागावी, आणि मालकाने नाही म्हणायचं नाही. मग तीनशेच्या वर खर्च करील कोण? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नानांनीही. पण टाळ्या वाजवणं वेगळं, आणि ज्याच्या घरी जेवलो त्याची बोट मागणं वेगळं. दोन उन्हाळे कुणी तोंड उघडलं नाही. उघडलं ते आमरसापुरतं.

तिसऱ्या उन्हाळ्यात मीच उठलो. मला नानांना हरवायचं होतं, एकदाच, पण सगळ्यांसमोर. "नाना, बोट हवी होती," म्हणत मी तीनशे रुपये पुढे केले.

नाना हसले. "मंग लाजता कसाले, मास्तर? नियम तुम्हीच केला ना भो! घेऊन जा." मग म्हणाले, "तुमची जुनी बोट मले द्या. मले बी पुढच्या साली काहीतरी लागीन ना."

मी ती रिमोटसकट फुकटच देऊन टाकली. बिचारे नाना, असंही मनात आलं. बिचारे!

वर्षभर लाल बोट आमच्या टीव्हीवर बसून होती. एकदा सरावासाठी ती घरच्या टाकीत सोडली, तर माझी धुळ्याकडची बायको कळशी घेऊन मागे उभी. "पिवानं पाणी शे हाई! बठ्ठं नासी टाकं तुम्ही!" सगळं पिण्याचं पाणी नासवल्याचा आरोप झाला आणि सराव तिथेच आटोपला.

पुढच्या मे महिन्यात शर्यत सुरू झाली आणि पहिल्याच वळणावर मी लाल बोट हौदाच्या भिंतीवर नेऊन आदळली. तिचं नाक फुटलं. माझी थर्माकोलची जुनी बोट मात्र नानांच्या हातातल्या रिमोटवर भिंतीपासून वीतभर अंतर राखून शहाण्यासारखी वळत गेली. नाना जिंकले. मी ती बोट पाण्याबाहेर काढून उलटीपालटी केली. मोटर माझीच, सेल चारच.

"नाना, हिच्यात केलंत काय?"

"काहीच नाही भो. रोज सांजच्याले पंप लावतो. हौद भरेपर्यंत कठड्यावर बसून हिले फिरवतो. दुसरा उद्योग काय हाये मले?"

रोज. भरलेल्या हौदात. आम्ही सेल मोजले, मोटर ठरवली, बोटीची किंमत बांधून दिली. पाण्याचा नियम करायचं एकाही शहाण्याला सुचलं नव्हतं.

आता सगळे माझ्याकडे बघत होते. नियमाप्रमाणे माझीच बोट मला तीनशे रुपयांना मागता येत होती.

"नाना," मी म्हणालो, "बोट राहू द्या. हौद मागता येईल का?"

सगळे पोट धरून हसले. नानांनी माझ्या वाटीत आणखी रस वाढला. मी चेष्टा करत नव्हतो.