माझ्या डब्यावर इंग्लंडचं स्टिकर

मित्रांनो, मोटरसायकलसाठी इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा सेट बनवलाय. ठिणगीची वेळ टिपणाऱ्या पिकअपची प्लेट मी स्वतः लेथवर केली. चुंबकाची चकती, ॲल्युमिनियमचा डबा, आतलं सर्किट, वायरिंग, सगळं माझ्या हातचं. कॉलेजात नाही, गाड्या खोलून शिकलो.

जुन्या ट्विन-सिलिंडर मोटरसायकलवाल्यांना माहीत आहे, डाव्या बाजूचे ठिणगीचे पॉइंट जुळवले की उजवी बाजू रुसते. माझ्या सेटने ती कटकटच संपते. गेल्या महिन्यात सातपूरच्या एका गॅरेजवाल्याला पहिला सेट बसवून दिला. एका किकमध्ये गाडी चालू!

आज सकाळी तिथे गेलो, तर मुंबईचं एक गिऱ्हाईक त्याच गाडीचा आवाज ऐकून "वा, वा" करतंय. आणि माझ्या डब्यावर 'मेड इन इंग्लंड'चं चकचकीत स्टिकर! खाली मी लोखंडी पंचाने ठोकलेलं माझं नाव झाकलेलं. डोकंच सणकलं. तिथल्या तिथे नखाने स्टिकर खरवडून काढलं.

"हे मी बनवलंय. इथे, नाशकात."

गिऱ्हाईकाचा चेहराच उतरला. "असं होय? मग टिकेल का हो हे?"

गॅरेजवाल्याने मला बाजूला ओढलं. "भाऊ, चांगला सौदा मोडलात! लोकल म्हटलं की लोक नाक मुरडतात."

"मग पेट्रोलपण इंग्लंडचंच भर की!"

"तापू नका हो. चहा घ्या, धंद्याचं बोलू."

मला एकच सांगा, स्टिकर निघाल्यावर त्या डब्यात काय बिघडलं?

चहा घेतला नाही. त्याची ऑफर होती, असेच दहा सेट, माझं नाव न ठोकता. रोख चाळीस हजार. नाही म्हणून आलो.