भिंतीवरचा ओला दोर

लातूर नवा जिल्हा झाला आणि आमच्या घराला पुढारीपण चिकटलं. तोवर माझे मालक साधे शेतकरी. चाकूरच्या बाजारात बैलाच्या दातांवर तासभर बोलायचे. आता इस्त्रीचे कपडे आणि आठवडाभर लातुरात मुक्काम. जिल्हा परिषदेला उभं राहायचं होतं ना!

त्यात पावसानं दगा दिला. माझं माहेर विष्णुपुरीकडचं, गोदावरीकाठचं. पाण्याची भीती मला सासरीच कळली. अंगणातल्या आडात दोनच हात पाणी उरलं. लेक बाळंतपणाला आलेली, म्हैस गाभण. मालकांनी जाता जाता विचारलं, "आडाला पाणी हाय का?" मी बोलून गेले, "कोरडा पडलाय." खरं सांगितलं असतं तर त्यांनी तो गावाला खुला केला असता, स्वभावच तसा. मी वर पत्रा टाकला, काट्या रचल्या.

पण दुसऱ्या दिवशी पारावरच्या सभेत मालक म्हणाले, "माझ्या घरचा आडबी आटला. टँकर आला की पहिली घागर तुमची, शेवटची माझी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी घरी येऊन पत्र्यावर आणखी काट्या टाकल्या.

रोज पहाटे मी चोरासारखी दोन बादल्या काढायची. एके सकाळी गोठा झाडायला येणारी म्हातारी अंगणात थबकली. दोर कुजू नये म्हणून सवयीनं मी तो भिंतीवर पसरलेला. तिनं हात लावून पाहिला.

"काकू, कोरड्या आडातला दोर घामानं भिजला व्हय?"

दुपारी दारात बायाच बाया, रिकाम्या घागरी घेऊन. तेवढ्यात मालक टँकरची मंजुरी घेऊन एसटीनं आले. "काय झालं?" त्यांनी विचारलं. मला वाटलं, ह्यांचं सगळं पुढारीपण आज ह्याच अंगणात बुडणार. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग दोराकडं. शेतकऱ्याला काय सांगावं लागतं! काट्या स्वतः ओढल्या, हाताला रक्त आलं. पत्रा सरकवून पोहरा सोडला.

"मी खोटं बोललो. घ्या पाणी."

"साहेब, हे भाषण बरं झालं," म्हातारी म्हणाली, "लहानबी हाय." बाया हसल्या. मी नाही हसले.

दिवस मावळेपर्यंत पोहऱ्यात गाळ आला. मालक मला एवढंच म्हणाले, "उद्या टँकरच्या रांगेत शेवटी उभी राहा." राहिले.

ते निवडून आले, पुढं कितीक वर्षं बोलत राहिले. पण भाषणात "माझ्या घरी" असे शब्द आले, की घरात काय काय झाकून ठेवलंय, ते मी आधी आठवून बघायची.